सभासद गैरहजर

अध्यक्षांनी त्याचं नाव घेतलं आणि खाली कोणीच उभं राहिलं नाही. 'श्री. कानिफनाथ कातोरे,' ते पुन्हा म्हणाले, चष्म्यावरून उजवीकडच्या बाकांकडे बघितलं, आणि ज्या बाकावर तो बसायला हवा होता तिथे नुसतं त्याचं उपरणं पडलेलं होतं. 'सभासद गैरहजर. पुढचा प्रश्न.' एवढंच. कागद उलटल्याचा आवाज वर गॅलरीपर्यंत आला. कुठल्याशा गावच्या दवाखान्याबद्दल विचारायला कोणी उठला, मंत्री उत्तर वाचायला लागले, पंखे फिरत होते तसेच फिरत राहिले, आणि मी गॅलरीचा लाकडी कठडा धरून खाली बघत राहिले. शेजारी साळूबाई बसली होती. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवून हळूच विचारलं, 'आपल्या वकीलसायबाचंच नाव घेतलं नव्हं?' मी हो म्हटलं. तिचा चेहरा उजळला. पलीकडे पुरुषांच्या बाजूला तिचा पुतण्या छगन आणि चिंचखडीची बाकीची मंडळी टोप्या सावरून ताठ बसली होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. त्यांना वाटलं, झालं. एवढ्या मोठ्या सभेत नाव पुकारलं, म्हणजे प्रश्न निघाला, म्हणजे सरकारच्या कानावर गेलं. मुंबई बघायला म्हणून नव्हती आलेली ती माणसं. आपल्या गावच्या पाण्याचा प्रश्न विधानसभेत निघणार, तो कानांनी ऐकायचा, एवढ्यासाठी एस.टी.त अंग मोडून घेत आली होती.

तो कुठे होता ते मला ठाऊक होतं. खाली उपाहारगृहात बसला असणार, बशीत चहा ओतून, फुंकर मारत. चहा बशीतून पिण्याची त्याची सवय आमदारकीनं मोडली नाही, आणि तेवढी एकच गोष्ट त्याच्यात अजून खरी राहिली आहे असं मला कधी कधी वाटतं. मी मनात त्याला अरे-तुरे करते. तोंडानं अहो म्हणते, लोकांपुढे 'साहेब' म्हणते, कार्यकर्त्यांच्या बायकांशी बोलताना 'आमच्याकडे' म्हणते. पण मनात, लग्नाच्या पहिल्या चार-सहा वर्षांनंतर, तो नुसता 'तो' झाला. कधी झाला ते नेमकं सांगता येणार नाही. एखाद्या भांड्याची कल्हई कुठल्या दिवशी गेली हे कोणाला सांगता येतं? एक दिवस आंबट कळकतं, तेव्हा समजतं. तर तो खाली चहा पीत होता, आणि त्याचा प्रश्न त्याच्यावाचून वर आला आणि निघून गेला. सभागृहाचा नियमच आहे. प्रश्न विचारणारा सभासद जागेवर नसला की मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही, उलटसुलट विचारायला कोणी उठत नाही. मागाहून एक छापील उत्तर निघतं आणि ते कोणी वाचत नाही. गावाला सांगायला प्रश्न टाकलेला असतो, मंत्र्याला सांगायला विचारलेला नसतो. दोन्हीकडे माणूस चांगला राहतो. सभागृहात येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, दुसऱ्यांदा निवडून आला होता, आणि या सहा वर्षांत हीच एक गोष्ट तो मनापासून शिकला.

शिकला म्हणणंही चूकच. हे त्याला आधीपासून येत होतं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला व्हरांड्यात येऊन तीनदा पुकारा करतो. तीन पुकाऱ्यांत पक्षकार हजर झाला नाही तर दावा निकालात निघतो, गैरहजेरीत. सनद घेऊन आल्यावर पहिला दावा यानं जिंकला तो असाच. समोरच्या पक्षाचा म्हातारा, वळकटी काखेत मारून पहाटेपासून व्हरांड्यात बसलेला, त्याला यानंच गोड बोलून समोरच्या हॉटेलात नेलं, 'अजून वेळ आहे बाबा, चहा घ्या,' म्हणून बसवलं, आणि स्वतः मागच्या दारानं कोर्टात येऊन उभा राहिला. पुकारा झाला. म्हातारा भजी खात होता. संध्याकाळी हे सगळं त्यानं मला सांगितलं, पुकाऱ्याची नक्कल करून, म्हाताऱ्याच्या तोंडात अर्धं भजं कसं होतं ते दाखवून, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी शिरा केला होता. मी राजूरची. आमच्याकडे डोंगरातली माणसं बाजाराला हिरडा घेऊन येतात, माझ्या वडलांच्या दुकानाच्या पायरीवर मुकाट बसतात, आणि आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतात. अशा मुकाट बसलेल्या माणसांना हसायचं मी लहानपणीच शिकले होते. तेव्हा मला वाटलं, नवरा हुशार मिळाला.

हुशार होताच. कातोऱ्यांच्या भावकीतला पहिला वकील. काळा कोट घालून सायकलवरून कोर्टात जायचा तेव्हा वाटेतली माणसं उतरून उभी राहायची. त्याच्याकडे यायचे ते दावे सगळे एका जातीचे. भावाभावांचे. बांध कोरला, वाटणीत चिंच गेली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सामाईक विहिरीच्या पाळीचे. सोमवारी तुझं पाणी, मंगळवारी माझं, आणि मंगळवारी पहाटे ह्यानं मोट धरली म्हणून त्यानं काठी उगारली. आमचा पूर्वेकडचा भाग कोरडा. विहिरीत पाणी कमी, म्हणून भांडण जास्त, म्हणून आमच्या घरात तूप जास्त, असा सरळ हिशेब होता. दावा जिंकण्याची त्याला कधी घाई नसे. जिंकलेला माणूस पुन्हा येत नाही, हरलेला तर तोंडच दाखवत नाही. पण तारीख मिळालेला माणूस येतो. पुढच्या महिन्यात येतो, कोंबडी घेऊन येतो, पोराला पाया पडायला लावतो. त्याचं सगळं वैभव त्या पुढच्या तारखेवर उभं राहिलं. आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं असणार, की तारीख एका माणसाला देता येते तशी ती सबंध तालुक्यालाही देता येते. त्या दिवशी त्यानं पंचायत समितीची निवडणूक लढवायचं ठरवलं. देशसेवा वगैरे नंतर भाषणात आलं.

त्या वकिलीच्या दिवसांत सकाळी कोर्टाला जायच्या आधी तो माझ्यापुढे उलटतपासणी म्हणून दाखवायचा. मी चुलीपुढे पाटावर, तो न्हाणीच्या दाराशी, अंगात बंडी आणि हातात तांब्या. मी न्यायाधीश. मला त्यातलं कायद्याचं काही कळत नसे, सातवी पास बाई मी. पण सगळं ऐकून मी एकच सांगायची, 'हे खोटं वाटतंय.' मग तो ते वाक्य बदलायचा, आवाज खाली आणायचा, मधे थांबायचा, पुन्हा म्हणायचा. माझ्या कानाला खोटं वाटेनासं झालं की खूश होऊन जेवायला बसायचा. खोटं बोलू नका असं मी कधी म्हटलं नाही. खोटं वाटतंय, एवढंच. आता आमदार झाल्यावर त्याला तालमीची गरज उरलेली नाही. सभागृहात बोलावं लागत नाही, आणि गावात काय बोललं तरी टाळ्या पडतात. पाट कधीच माळ्यावर गेला. तरी मला आपली सवय राहिली आहे. तो बोलायला लागला की मी मान थोडी कलती करून ऐकते, आणि आतल्या आत निकाल देत राहते. निकाल कोणाला कळवायचा नसतो, त्यामुळे तो देण्यात एक सुख असतं. मी लोकांपेक्षा वेगळी आहे, मला हा माणूस कळलेला आहे, मी फसलेली नाही, असं ते सुख. एवढ्या वर्षांत दागिने फार झाले माझ्या अंगावर, पण मिरवला मी हाच एक, मनातल्या मनात.

चिंचखडीची चारी म्हणजे कालव्याची शेवटची शाखा. कागदावर ती चिंचखडीच्या पुढे खडकाळ माळापर्यंत जायची होती. वकील असताना यानंच तिच्यासाठी अर्ज केले, मोर्चा नेला, नगरला कलेक्टरच्या दारात बसला. त्याच चारीवर पहिल्यांदा निवडून आला. चारी ज्यांच्या वावरातून जाणार ती माणसं जमीन द्यायला तयार नव्हती, तर हा स्वतः एकेकाच्या अंगणात जाऊन बसला. साळूबाईच्या अंगणात तर मीही होते. ती रांडमुंड बाई, मूलबाळ नाही, छगनच्या घरालगत वेगळी चूल मांडून राहिलेली. तिचं वावर लहान, आणि चारी नेमकी मधून. यानं तिला आई म्हटलं. तिच्या हातचं ताक प्यायला. म्हणाला, 'आई, पहिलं पाणी तुझ्या वावरात पडेल, ते मी माझ्या हातानं सोडीन.' मी मान कलती करून ऐकलं आणि तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. तिनं अंगठा दिला. चारी खणत खणत आली, तिच्या वावरात शिरली, अर्ध्यापर्यंत गेली, आणि थांबली. पाणी खालच्या अंगाला वळवलं होतं, साखर कारखान्याच्या उसाकडे. कारखान्याच्या मंडळावर तोवर हाही जाऊन बसला होता. तेव्हापासून साळूबाईच्या वावरात ती कोरडी चारी उघडी पडलेली आहे. वावराचे दोन तुकडे झाले, औत इकडून तिकडे नेता येत नाही, चारीत बाभळी उगवल्या, आणि दुष्काळ पडल्यावर तिथे मेलेली जनावरं आणून टाकायला लागले. मागच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. तेव्हा छगननं गाव गोळा केलं आणि सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसले. तो म्हणाला, 'विधानसभेत प्रश्न टाकतो. मंत्र्याला उभा करतो.' आणि खरंच टाकला. प्रश्न टाकण्यात तो कधी कुचराई करत नाही.

प्रश्नोत्तरांचा तास संपल्यावर आम्ही खाली आलो. तो व्हरांड्यात उभा होता, उपरणं परत गळ्यात, भांग नुकता पाडलेला, मिशीला वेलदोड्याचा वास. छगननं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार काढला. निशिगंध, मधे गुलाब. सकाळीच बाजारातून घेऊन ठेवला होता. हार पुरता बाहेर निघायच्या आधीच त्याची मान खाली वाकली. ती मान मी किती वेळा तशी वाकताना पाहिली आहे. शाळेच्या पायाभरणीत, कुस्त्यांच्या फडात, कोणाच्या तेराव्यालासुद्धा. हार बघितला की ती मान आपोआप वाकते, त्यात त्याला काही करावं लागत नाही. बाकीच्यांनी पाया पडायला सुरुवात केली. 'मंत्र्यांची जरा पंचाईत झाली,' तो छगनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. 'लेखी उत्तर येईल आता.' छगन म्हणाला, व्हय साहेब, म्हंजे काम झालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी वर गॅलरीत होते हे त्याला माहीत होतं, आणि मला सगळं कळतं हेही माहीत होतं, आणि तरी त्याला माझी भीती वाटली नाही. वाटावी असं मी कधी काही केलं नव्हतं.

शनिवार-रविवार सभागृहाला सुट्टी, म्हणून त्यानं चिंचखडीच्या माणसांना एस.टी.नं जाऊ दिलं नाही. 'माझ्या जीपमधून चला, गावाला बघू दे,' म्हणाला. मागे छगन, बाकीचे तिघं आणि साळूबाई, पुढे दिलावर ड्रायव्हर, तो आणि दाराशी मी. पुण्यात एका कार्यकर्त्याकडे मुक्काम झाला. सकाळी निघालो. शिरूर मागे पडलं, घोडनदीच्या पुलावरून खाली बघितलं तर नदीत माणसं वाळू उकरून वाट्यांनी पाणी भरत होती, आणि आपला जिल्हा आला हे सांगायला पाटीची गरज पडली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी काम चाललेलं. मैलामैलावर खडीचे ढीग आणि ढिगांमागे बायका, डोक्याला फडकी, बोटांना चिंध्या बांधलेल्या, हातोडी वर आणि खाली. जीप दिसली की हातोड्या थांबायच्या. तो हात जोडायचा, जीप पुढे गेली की हात मांडीवर पडायचे. गळ्यातला हार त्यानं पुण्याला काढून जीपच्या आरशाला अडकवला होता. त्यातली फुलं एकेक गळून दिलावरच्या पायाशी पडत होती, आणि दिलावर ती पायानं बाजूला सारत गाडी चालवत होता.

सुप्याला चहाला थांबलो. समोरच माळावर खडीचं मोठं काम होतं. तो उतरून सरळ तिकडे गेला, पुरुष मागोमाग गेले. बायकांच्या घोळक्यात उभा राहून तो कामावर खायला सुकडी मिळते का, मुकादम नीट वागतो का, विचारत होता. एका म्हातारीचा हात हातात घेऊन त्यानं तिच्या बोटाची चिंधी बघितली. त्याला हे मनापासून आवडतं. दुसऱ्याच्या दुःखात उभं राहिलं की त्याचा आवाज कसा भरदार होतो, छाती कशी पुढे येते. दुष्काळ पडल्यापासून तो तब्येतीनं सुधारला आहे. मी आणि साळूबाई जीपच्या सावलीत उभ्या होतो. ती चारीबद्दलच बोलत होती. पाणी कधी सुटंल, औंदा की पुढच्या साली, पयलं सोडायला साहेब येतील ना, त्यांना ताकाला बोलावलंय, पर म्हस तर इकली. मला ते सहन होईना. दया आली म्हणून नाही. तिच्या भाबडेपणाचा मला राग आला. वाटलं, इतकं कसं कळत नाही माणसांना, म्हणूनच यांचं असं होतं, म्हणूनच याच्यासारखे यांच्या मानगुटीवर बसतात. आणि त्या रागात, एवढ्या वर्षांत जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगून टाकलं.

'साळूबाई, त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. नाव घेतलं तेव्हा ते तिथं नव्हते. मुद्दाम गेले होते. खाली चहा पीत होते.'

ती दचकली नाही. डोळे बारीक करून माळाकडे, त्याच्या पांढऱ्या टोपीकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'मंग नाव कशाला घेतलं?'

'हजर आहे का बघायला.'

'कोर्टात घेत्यात तसं.'

'तसंच.'

तिनं पदरानं तोंड पुसलं. वाटलं आता रडेल, शिव्या देईल, छगनला हाक मारेल. मी तयार होते. मला ते हवंच होतं, खरं सांगायचं तर. तिच्या तोंडून याला शिव्या ऐकायच्या होत्या. ती म्हणाली, 'आन् तुमी इचारलं का, बाई?'

'मी? मला कसं विचारता येईल? तिथं वर बसलेल्यांनी तोंड उघडायचं नसतं.'

'तिथं न्हाई वो. घरात.' तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ आहे का विचारावं तसा. 'घरात तर त्ये समूर बसत्यात नव्हं? जेवाया तर येत्यात?'

तेवढ्यात पुरुष परत आले, चहा आला, आणि ती मागे चढून बसली. सुप्यापासून नगरपर्यंत आणि नगरपासून आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत मी त्या अडाणी बाईवर चरफडत राहिले. हिला काय माहीत घर म्हणजे काय असतं. हिच्या घरात विचारायला माणूसच राहिला नाही, म्हणून हिला सोपं वाटतं. विचारून काय होणार होतं? तो हसला असता, किंवा 'तुला काय कळतं' म्हणाला असता, किंवा बोललाच नसता. ही तिन्ही उत्तरं मी मनात त्याच्या तोंडी घालून बघितली, आणि मग लक्षात आलं की मी खरोखर एकदाही विचारलेलं नाही. खोटं वाटतंय म्हटलं, तेही त्यानं चांगलं खोटं बोलावं म्हणून. चारी थांबली त्या वर्षी कारखान्यानं बोलावून माझी ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, ते मी नेसले. उसाच्या शेतातून कालव्याचं पाणी खळखळत जाताना जीपमधून बघितलं आणि मनात म्हटलं, कसा नीच आहे हा. पुरेसं वाटलं मला ते. त्याला नीच म्हटलं की माझं काम संपलं. उजव्या हाताला तो पेंगत होता, त्याचं डोकं हळूहळू माझ्या खांद्यावर येत होतं. मी खांदा काढून घेतला नाही. नगरच्या बाहेर नागापूरकडे नव्या कारखान्यांच्या शेड दिसल्या. मागून छगन मोठ्यानं म्हणाला, आपला थोरला तिथं हाय, साहेबांच्या शब्दानं लागला, कायम झाला. तो पेंगेतच बरं म्हणाला.

दुपारी घरी पोचलो. चिंचखडीचे लोक जेवूनच जाणार हे ठरलेलं. मी चूल पेटवली, साळूबाई न सांगताच पिठाशी बसली. ओसरीवर पंगत मांडली. पहिल्या पाटावर तो, मग छगन, मग बाकीचे, आणि गावातले दोघं-चौघं कार्यकर्ते बातमी ऐकायला येऊन बसले होते. भात, आमटी, भाकरी, ठेचा. मी वाढून आत वळले आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. 'मी म्हटलं, अध्यक्ष महाराज, चिंचखडीची एक म्हातारी आज या गॅलरीत बसली आहे. तिनं सरकारवर विश्वास ठेवून आपली जमीन दिली. तिच्या वावरात आज पाण्याऐवजी हाडं आहेत. मंत्रिमहोदयांनी मला एवढंच सांगावं, की ती हाडं कोणाची?' मी दारात थांबले, मान कलती करून. एवढ्या वर्षांत त्यानं केलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. कुठे आवाज चढला नाही. म्हातारीपाशी थांबला तिथे नेमका थांबला. डोळे ओलावले, तेही खरे. मी ऐकत होते आणि मला त्यातलं एक अक्षरही खोटं वाटत नव्हतं. एका क्षणी तर मला वाटलं की हे झालं असावं, मीच गॅलरीत पेंगले असेन. आणि त्या क्षणाचीच मला किळस आली. मागे चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा.

'अहो,' मी म्हटलं. पंगतीत पुरुष जेवत असताना मी कधी बोललेली नव्हते, म्हणून सगळ्यांनी वर बघितलं. 'चिंचखडीची चारी साळूबाईच्या वावरात कोणी थांबवली? पाणी उसाकडे वळवायचं ठरलं त्या दिवशी तुम्ही कारखान्याच्या बैठकीला होतात. तुम्ही काय म्हणालात?'

त्याचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि आधी त्याला राग नाही, आश्चर्य वाटलं, खांबानं तोंड उघडावं तसं. मग डोळे इकडून तिकडे फिरले. मी त्याला ओळखते. तो तारीख शोधत होता. कोर्टात शोधायचा तशी, गावाला देतो तशी, आणि माझ्यासाठी त्याच्याकडे तारीख नव्हती. आता बोलेल, खरं किंवा खोटं, पण इथून उठून जाता येणार नाही, असं मला वाटलं, आणि मी दारातून हलले नाही. चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला होता.

'वयनी,' छगन म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. 'आमटी वाढा जरा. भाकर कोरडी पडली.'

मी छगनकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत भाबडेपणाचा लवलेशही नव्हता. त्याला ठाऊक होतं. गॅलरीत बसल्या बसल्याच ठाऊक झालं असणार, रिकामा बाक त्यालाही दिसला होता, आणि हार तरी घातला होता. थोरला नागापूरला कायम झाला होता. धाकटा अजून कामाला लागायचा होता. गावाला टँकर येत होता, तो ह्याच्या चिठ्ठीनं येत होता, आणि उन्हाळा सगळाच पुढे पडला होता. त्यांना उत्तर नको होतं. त्यांना हा माणूस हवा होता, असाच, हार घालायला आणि वापरायला. 'मलाबी थोडी,' दुसरा म्हणाला, आणि ताट पुढे सरकवलं. तिसऱ्यानं पाण्याचा तांब्या मागितला. कार्यकर्ते हसले, कोणीतरी पावसाचं काढलं, ओसरी पुन्हा बोलायला लागली. त्यानं हातातला घास तोंडात घातला आणि चावायला लागला.

आत साळूबाईनं पुढचा गोळा मळायला घेतला. मी आमटीचं पातेलं उचललं आणि पंगतीच्या तोंडाशी गेले. पहिली त्याला वाढली.